हिंगणघाट : लांब धाग्याचे गाव

नागपूरच्या कॉटन मार्केटमध्ये कापूस मिळत नाही. भल्या पहाटे तिथे वांग्यांची पोती आणि सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या उतरतात. कागदोपत्री त्या जागेचे नाव महात्मा फुले भाजी बाजार असे आहे, पण नागपूरकराच्या तोंडी ते कधी बसले नाही, आणि आता तर मेट्रोच्या स्थानकालाही 'कॉटन मार्केट' हेच नाव मिळाले आहे. तिथून जवळच जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ रोजी सुरू केलेली एम्प्रेस मिल होती. तिच्या जागेवर आज मॉल उभा आहे आणि त्या मॉलमध्ये निखळ सुती सदरा शोधायला बरेच फिरावे लागते. कापसाच्या जोरावर वाढलेल्या या शहराचे कापसाशी नाते आता पाट्यांपुरते उरले आहे. ते नाते जिथे अजून रोज काट्यावर चढते असे गाव म्हणजे हैदराबाद रस्त्यावरचे, नागपूरहून सुमारे ऐंशी किलोमीटरवरचे हिंगणघाट. या गावावरून मी आयुष्यभर येजा केली. वाटेत बस थांबली की चहा घेतला आणि पुढे गेले. गावासाठी म्हणून तिथे उतरले ती २०२५ च्या जानेवारीत, कापूस बाजारात येण्याचे दिवस होते तेव्हा.

गणेशपेठेतून निघालेली बस बुटीबोरीच्या कारखान्यांमधून बाहेर पडली की खऱ्या अर्थाने वर्ध्याचे खोरे सुरू होते. खोरे म्हटल्यावर डोळ्यांसमोर येणारे कडे आणि घळी इथे कुठेच नाहीत. जमीन इतक्या हळूहळू उतरत जाते की उतार पाण्याला कळतो, माणसाला कळत नाही. नागपूर जिल्ह्यातच उगम पावणारी, हिंगण्याजवळून वाहणारी वेणा नदी या उताराने दक्षिणेकडे येते, वाटेत धाम आणि बोर यांचे पाणी पोटात घेते आणि हिंगणघाटला पोचेपर्यंत लोकांच्या बोलण्यात 'वणा' होते. पुढे ती वर्धेला मिळते, वर्धा वैनगंगेला, आणि प्राणहिता होऊन ते सारे पाणी गोदावरीत जाते. या नद्यांच्या दोन्ही बाजूंना असलेली काळी, खोल, उन्हाळ्यात हातभर भेगा पडणारी माती पावसाचे पाणी धरून ठेवते, आणि पाऊस थांबल्यावर त्याच ओलाव्यावर कपाशी दिवाळीनंतरही उभी राहते. जानेवारीत रस्त्याच्या दुतर्फा पऱ्हाट्यांवर शेवटच्या वेचण्यांचा कापूस होता, मधूनमधून तुरीची वाळलेली ओळ होती आणि जिथे विहिरीचे पाणी होते तिथे गहू आणि हरभरा. जामच्या चौकात चंद्रपूरचा फाटा सुटतो, आणि त्यानंतर कापसाच्या गाड्या इतक्या दाट झाल्या की आमची बसही त्यांच्याच चालीने सरकू लागली.

गाव पाहताना एक गोष्ट नकाशा न उघडताही लक्षात येते. जुनी वस्ती नदीला बिलगून आहे, तिथल्या गल्ल्या अरुंद आणि वळणावळणाच्या आहेत, आणि नदीपासून दूर जावे तसे रस्ते सरळ आणि रुंद होत जातात. एकोणिसाव्या शतकातल्या सरकारी नोंदींमध्येही जुने हिंगणघाट आणि नवे हिंगणघाट असे दोन भाग सांगितलेले आहेत : वणेच्या पुराचे पाणी ज्यात शिरते ते जुने, आणि पुराला कंटाळलेल्या सधन लोकांसाठी आखलेले ते नवे. बाजाराच्या गावाला नदी हवी असते, उतार हवा असतो, जनावरांना पाणी हवे असते. पण मालाची कोठारे मात्र नदीपासून लांब असलेली बरी. भिजलेल्या कापसाइतका निरुपयोगी माल दुसरा नाही.

हे गाव वर्ध्यापेक्षा जुने आहे. वर्धा शहर १८६६ साली पालकवाडी नावाच्या खेड्याच्या जागी वसवले गेले, आणि ते जिल्ह्याचे ठिकाण होऊन बरीच वर्षे लोटल्यावरही, १९०१ च्या शिरगणतीत, १२,६६२ वस्तीचे हिंगणघाट त्याच्यापेक्षा मोठे होते. साहेबाने कचेरी एकीकडे बांधली आणि व्यापारी दुसरीकडेच राहिले. आज हिंगणघाटची वस्ती लाखाच्या वर आहे, तरी गावाचा दिवस अजूनही कचेरीच्या वेळेने सुरू होत नाही. तो बाजार समितीच्या हर्रासाच्या, म्हणजे लिलावाच्या, वेळेने सुरू होतो.

बाजार समितीच्या आवारात मी पोचले तेव्हा गाड्यांच्या रांगा लागून गेल्या होत्या. बैलबंडी क्वचितच दिसली. बहुतेक माल ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांमध्ये आणि लहान मालवाहू गाड्यांमध्ये होता, वर ताडपत्री, आणि ताडपत्रीवर रात्र काढलेला एखादा मुलगा. हर्रास सुरू झाला तो कसलाही गाजावाजा न होता. खरेदीदारांचा घोळका एका गाडीपाशी येई, त्यातला एक जण ट्रॉलीवर चढे आणि हात कोपरापर्यंत आत घालून मूठभर कापूस ओढून काढी. वरचा कापूस कोणी पाहत नाही, कारण वर पांढराशुभ्र माल ठेवून तळाशी ओलसर किंवा कवडीचा भरण्याची युक्ती बाजाराइतकीच जुनी आहे. मग तो ती मूठ दोन्ही हातांच्या चिमटीत धरून ताणी, तुटलेली टोके एकमेकांवर ठेवून पुन्हा ताणी, आणि शेवटी चिमटीत उरलेली झुपकी बोटाच्या पेरावर आडवी धरून तिच्याकडे एक नजर टाकी. धाग्याची लांबी पाहण्याची ही रीत शंभराहून अधिक वर्षे तशीच आहे. आता यंत्रे आहेत, ती मिलिमीटरमध्ये लांबी आणि सोबत धाग्याचा बारीकपणा सांगतात, पण ती गिरणीत आणि प्रयोगशाळेत. ट्रॉलीवर अजून चिमटीच चालते. काही क्षणांत आकडा बोलला जाई, दोघे-तिघे वर चढवत, आणि घोळका पुढच्या गाडीकडे निघून जाई. शेतकऱ्याच्या वर्षभराच्या मेहनतीला मिळालेला वेळ असा मिनिटाच्या आतबाहेरचा असतो.

रांगेत माझ्या शेजारी समुद्रपूर तालुक्यातल्या एका खेड्याचे एक वयस्क शेतकरी उभे होते. मी त्यांना काकाजी म्हटले, त्यांनी मला ताई म्हटले, आणि मी कुठल्याही वर्तमानपत्राची नाही याची खात्री पटल्यावर ते मोकळेपणाने बोलू लागले. धाग्याची लांबी पाहून भाव किती वाढतो, असे मी विचारले, तेव्हा ते हसले. "भाव आपल्या हाती नाही न ताई. वजन भरलं पाहिजे, बस." त्यांच्या या उत्तरात हिंगणघाटचा दीडशे वर्षांचा इतिहास आहे, हे मला जरा उशिरा, गाव फिरून झाल्यावर उमगले.

त्यासाठी आधी कापसाचा हिशेब पाहावा लागतो. शेतकरी विकतो तो सरकीसकट, म्हणजे बियांसकट, कापूस. एक क्विंटल कापूस जिनिंगमध्ये, म्हणजे सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यात, गेला की त्यातून साधारण तेहतीस ते पस्तीस किलो रुई निघते, बाकी बहुतेक सरकी, आणि थोडी घट. रुईचा व्यापार खंडीवर चालतो. एक खंडी म्हणजे ३५६ किलो, म्हणजे जवळजवळ साडेदहा क्विंटल कापसाचा ऐवज. दाबून बांधलेली गाठ १७० किलोची असते. सरकीचे तेल निघते, ढेप गुरांना जाते, आणि म्हणूनच सरकीचे भाव पडले की रुई तेजीत असूनही कापसाचा भाव पडतो, हे गणित इथल्या कुठल्याही मुलाला तोंडपाठ असते. या साऱ्या व्यवहारात ज्याच्यावर पैसा ठरतो ती गोष्ट म्हणजे उतारा : शंभर किलोतून रुई किती. धागा किती लांब, हा प्रश्न त्यानंतरचा.

हिंगणघाटचे नाव मात्र जगभर गेले ते त्या नंतरच्या प्रश्नामुळे. इथल्या काळ्या मातीत 'बनी' नावाची देशी कपाशी पिकत असे. तिचा धागा त्या काळातल्या हिंदुस्थानी कापसांमध्ये लांब, बारीक आणि मऊ होता. रेल्वे येण्यापूर्वी नागपूर राज्याचा कापूस बैलांच्या पाठीवर लादून वंजाऱ्यांचे तांडे गंगाकाठच्या मिर्झापूरपर्यंत नेत, तेव्हापासून या मालाची ख्याती होती. पुढे १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस थांबला आणि मँचेस्टरच्या गिरण्या हवालदिल झाल्या, तेव्हा इंग्रजांना या खोऱ्याची खरी किंमत कळली. कापसाच्या इंग्रज बाजारात 'हिंगणघाट' हे गावाचे नाव मालाच्या प्रतीचे नाव होऊन बसले. जो माणूस आयुष्यात कधी वणेच्या काठी येणार नव्हता, तो लिव्हरपूलमध्ये बसून हिंगणघाटचा भाव विचारत असे.

सरकारने मध्य प्रांत आणि वऱ्हाडासाठी खास कापूस आयुक्त नेमला. त्याचे नाव हॅरी रिव्हेट-कार्नॅक. (नागपूरकरांना हे नाव वेगळ्या कारणाने माहीत असायला हवे : काटोल रस्त्यावरच्या जुनापाणीची शिळावर्तुळे खणणारा हाच गृहस्थ.) त्याच्यापुढचा प्रश्न सोपा वाटावा असा होता. हिंगणघाटचा कापूस उत्तम आहे, तर तो वाढवायचा, त्याचे बी आजूबाजूच्या मुलखात न्यायचे, भेसळ थांबवायची. मुंबई सरकारने कापसातल्या लबाडीविरुद्ध १८६३ साली कायदाही केला होता. एवढे सगळे असूनही पुढच्या चाळीस-पन्नास वर्षांत बनी मागे हटत गेली आणि तिच्या जागी 'जरी' नावाची आखूड, राठ धाग्याची कपाशी शिरली. ही कपाशी काटक होती, अधिक पिकत होती, आणि मुख्य म्हणजे तिचा उतारा जास्त होता.

यात शेतकऱ्याला दोष देण्याची पद्धत तेव्हाही होती आणि आजही आहे. मला ती अन्यायाची वाटते. बनीच्या लांब धाग्यासाठी व्यापारी जो चढा भाव देत, तो कमी उताऱ्याने होणारे नुकसान भरून काढण्याइतका नव्हता. त्यातच जपान आणि इंग्लंडखेरीज युरोपातल्या इतर देशांमधून जाड सुतासाठी आखूड धाग्याला मागणी आली, म्हणजे राठ कापूसही बिनबोभाट खपू लागला. लांबीची स्तुती अहवालांमध्ये होत होती आणि पैसे वजनाचे मिळत होते. अशा वेळी शेतकरी जे पेरेल तेच त्याने पेरले.

याहून महत्त्वाचे, पण कमी बोलले जाणारे कारण बियांचे आहे. पूर्वी सरकी वेगळी करण्याचे काम घरोघरी, हाताने फिरवायच्या रेच्यावर, बहुधा बायका करीत. ज्या घरचा कापूस त्याच घरची सरकी, आणि त्यातलीच निवडलेली सरकी पुढच्या मृगात शेतात. बनीचे बी असे घरातच राहत असे, आणि ते कोणी मुद्दाम राखले नाही तरी राखले जात असे. वाफेवरचे जिनिंग आले, शेतकरी कापूस कारखान्यात विकून मोकळा होऊ लागला, आणि पेरणीच्या वेळी त्याच कारखान्यातून सरकी विकत आणू लागला. ती सरकी दहा गावांची आणि तितक्याच जातींची मिसळलेली असे. एका पिढीत शुद्ध बनी ओळखणे अवघड होऊन बसले. कोणी ठरवून काही बिघडवले नाही. सगळ्यांचा माल एका ढिगावर पडला, एवढेच झाले.

या ढिगाच्या जोरावर गावात गिरण्या मात्र आल्या. बन्सीलाल अबीरचंद यांची गिरणी १८८१ मध्ये सुरू झाली आणि विसावे शतक उजाडताना मोहता घराण्याची दुसरी. नागपूरच्या बहुतेक गिरण्यांप्रमाणेच या कहाणीचाही शेवट भोंगे बंद होण्यात झाला, आणि तो इतका परिचयाचा आहे की त्यावर अधिक लिहिण्यात अर्थ नाही. जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने मात्र अजून धडधडत आहेत. सूत बहुतांशी दुसरीकडे कातले जाते, कापड आणखी तिसरीकडे विणले जाते, आणि हिंगणघाट पुन्हा शंभर-दीडशे वर्षांपूर्वी होते तेच, गाठी बांधून पाठवणारे गाव झाले आहे.

हर्रास आटोपल्यावर माल जिनिंगवर काट्याला जातो आणि तिथे गाड्यांची पुन्हा रांग लागते. काकाजींचा नंबर यायला तीन-चार तास लागणार होते, म्हणून मी गावात निघाले. मला एक कबर पाहायची होती. विल्यम लॅम्टन हा इंग्रज सैन्याधिकारी जानेवारी १८२३ मध्ये हिंगणघाटला मरण पावला आणि इथेच पुरला गेला. एव्हरेस्ट हे नाव सर्वांना माहीत असते. ज्या मोजणीने त्या शिखराची उंची ठरली त्या मोजणीचा आरंभ करणाऱ्या लॅम्टनचे नाव भूगोलाच्या पुस्तकांतही सहसा सापडत नाही.

लॅम्टनने १० एप्रिल १८०२ रोजी मद्रासजवळ सेंट थॉमस माउंट येथे पहिली पायारेषा मोजायला घेतली. शंभर फुटांची पोलादी साखळी, तिला उन्हाने फुगू न देण्यासाठी लाकडी पेट्यांचा आधार आणि वर सावली, अशा थाटात साडेसात मैलांची एक सरळ रेषा मोजायला त्याला सात-आठ आठवडे लागले. ती एकदा पक्की झाली की मग साखळीचे काम संपले. पुढे दोन टोकांवरून तिसऱ्या उंच जागेचे कोन मोजायचे, त्रिकोण पुरा करायचा आणि त्याच्या बाजूवर पुढचा त्रिकोण उभा करायचा. असे त्रिकोणांमागून त्रिकोण रचत त्याने दक्षिणेकडे कन्याकुमारीपर्यंत आणि उत्तरेकडे बिदरजवळच्या दामरगिद्द्यापर्यंत सुमारे दहा अंशांचा कंस मोजून काढला. पृथ्वीचा गोल ध्रुवांकडे किती चपटा आहे, हे अचूक ठरवणे हा त्याचा ध्यास होता. जमिनीची मोजणी हे सरकारकडून पैसे मिळवण्यापुरते निमित्त होते की काय, असे कधी कधी वाटते.

त्याचे कोनमापक यंत्र अर्धा टन वजनाचे होते. विलायतेहून येताना ते जहाजासकट फ्रेंचांच्या हाती लागून मॉरिशसला गेले होते आणि त्यांनी ते सन्मानाने परत पाठवले, ही त्याच्या प्रवासाची सुरुवात. पुढे १८०८ साली तंजावरच्या देवळाच्या शिखरावर चढवताना दोर तुटून ते भिंतीवर आदळले आणि त्याची वर्तुळाकार पट्टी वाकली. लॅम्टनने स्वतःला तंबूत कोंडून घेतले आणि सुमारे दीड महिना खपून ती पट्टी अंशाअंशाने पुन्हा गोल केली. नवे यंत्र मागवण्याइतका वेळ त्याच्यापाशी नव्हता. वय सत्तरीकडे झुकले असताना, छातीचा क्षय बळावलेला असताना, त्याने मोजणीचे ठाणे हैदराबादहून नागपूरला हलवायचे ठरवले आणि त्या वाटेवर हिंगणघाटला त्याचे प्राण गेले. मोजणीची सूत्रे त्याचा सहायक जॉर्ज एव्हरेस्ट याच्याकडे गेली. पुढची रेषा एलिचपूर (आजचे अचलपूर), सिरोंज करीत हिमालयाच्या पायथ्याला भिडली.

त्या कबरीपाशी मी फार वेळ थांबले नाही. पाहण्यासारखे तिथे फारसे काही नाही, आणि ज्या माणसाला स्वतःविषयी लिहायची सवयच नव्हती त्याच्या कबरीने तरी अधिक काय सांगावे. पण त्या दिवशी सकाळी ट्रॉलीवर चढलेल्या खरेदीदाराची चिमटी माझ्या डोळ्यांसमोर होती, आणि दोन मोजण्या एकाच गावात याव्यात हे मला मोठे विलक्षण वाटले. एकाने सात मैलांत इंचभर चूक राहू नये म्हणून महिने घालवले, ज्याचा त्याला स्वतःला कवडीचा उपयोग नव्हता. दुसऱ्याला एका नजरेत धाग्याची लांबी कळते, इतकी त्याची बोटे तयार आहेत, आणि तरीही ती लांबी पावतीवर कुठेच लिहिली जात नाही. पावतीवर वजन असते, भाव असतो, हमाली आणि तोलाई असते.

जिनिंगवर परतले तेव्हा रांग जेमतेम अर्धी सरली होती आणि गप्पा गिरडच्या होत्या. समुद्रपूर तालुक्यात गिरडला टेकडीवर शेख फरीद बाबांचा दर्गा आहे, तिथे सर्व धर्मांचे लोक जातात आणि टेकडीवर सुपाऱ्यांसारखे, नारळांच्या तुकड्यांसारखे दिसणारे दगड सापडतात. भूगर्भशास्त्र त्यांना झिओलाइटचे खडे म्हणते. लोक सांगतात ती गोष्ट अशी, की माल लादून चाललेल्या दोन फिरत्या व्यापाऱ्यांनी बाबांची थट्टा केली, तेव्हा बाबांनी त्यांचा सगळा माल दगडाचा करून टाकला. ते पाया पडले, रडले; बाबांनी झाडाचा वाळला पाला घेऊन त्यांना नवा माल करून दिला. मग व्यापाऱ्यांचे मन व्यापारातून उडाले आणि ते बाबांचीच सेवा करीत टेकडीवर राहिले. ही गोष्ट मी लहानपणी ऐकली होती, पण जिनिंगच्या रांगेत, काट्यावर गेल्यानंतर माल ओला निघाला म्हणून भाव पाडतील की काय या धास्तीत बसलेल्या माणसांच्या तोंडून ऐकताना तिच्यातला खट्याळपणा अधिक झोंबला. रांगेतल्या एकाने लगेच विचारले, "पाल्याचा माल केला, त्याचा ओलावा किती धरला असन?" हास्याचा एकच फवारा उडाला.

ओलाव्याचा प्रश्न गमतीचा नाही. सरकारी खरेदी करणारे कापूस महामंडळ आठ टक्के ओलाव्याचा माल पूर्ण हमीभावाने घेते, त्यावर टक्क्याटक्क्याने भाव कापते आणि बारा टक्क्यांच्या पुढे घेतच नाही. त्या हंगामात खासगी भाव हमीभावाच्या खालीच रेंगाळत होते, त्यामुळे महामंडळाच्या केंद्रांवर गर्दी होती. सातबारा, आधार, पिकाची नोंद, बँकेचे खाते अशी कागदपत्रे जुळवता न आलेले शेतकरी मात्र व्यापाऱ्याकडेच वळत होते. एकेकाळी, १९७२ पासून, महाराष्ट्रात कापूस फक्त सरकारलाच विकायचा अशी एकाधिकार खरेदी योजना होती. त्या काळच्या रांगांच्या आणि वर्षानुवर्षे अडकलेल्या चुकाऱ्यांच्या, म्हणजे मालाच्या पैशांच्या, कथा जुन्या माणसांकडून ऐकाव्यात. त्यांच्या सांगण्यात राग आणि आठवणींची ओढ दोन्ही सारख्याच प्रमाणात असतात, आणि यातले खरे कोणते हे ठरवायच्या भानगडीत मी पडले नाही.

हमीभावाच्या तक्त्यात मात्र मला माझ्या प्रश्नाचे एक टोक सापडले. २०२४-२५ साठी मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,१२१ रुपये होता आणि लांब धाग्याचा ७,५२१. म्हणजे आजच्या हिशेबात लांबीची किंमत क्विंटलमागे चारशे रुपये. बनी ज्या चढ्या भावाच्या अभावी गेली, तो चढा भाव आज निदान कागदावर तरी आकड्यात मांडलेला आहे.

आणि देशी कपाशी अगदीच नामशेष झाली असेही नाही. नागपुरातच, वर्धा रस्त्यावर, १९७६ पासून केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे, तिच्या संग्रहात देशी वाणांचे बी जपलेले आहे. परभणीच्या कृषी विद्यापीठाने लांब धाग्याचे देशी सरळ वाण काढले आहेत. सरळ वाण म्हणजे शेतकऱ्याने आपलेच बी दुसऱ्या वर्षी पेरावे, जे २००२ पासून आलेल्या आणि आता जवळजवळ सगळ्या शिवारांत पसरलेल्या बीटी संकरित वाणांच्या बाबतीत करून चालत नाही. देशी कपाशी कमी पावसात तगते, रस शोषणाऱ्या किडींना दाद देत नाही. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने विदर्भात जो हाहाकार उडवला, त्यानंतर या वाणांविषयी पुन्हा बोलले जाऊ लागले. नागपुरात बसून वाचताना ही सगळी माहिती मला इतकी पटलेली होती की मी ती काकाजींना उत्साहाने सांगून टाकली.

त्यांनी मध्ये न बोलता सगळे ऐकून घेतले. त्यांच्या लहानपणी, म्हणाले, त्यांच्या आजीने धुऱ्याजवळच्या पट्टीत देशी कपाशी राखली होती, दिवे-वातींना आणि गाद्यांना; सीतादहीचा नैवेद्यही त्याच पट्टीत होई. पहिल्या वेचणीच्या आधी कापसाच्या झाडाला दहीभात दाखवण्याची ती रीत त्यांच्या घरी अजून चालू आहे, फक्त झाड बीटीचे असते. मग ते हिशेबाला लागले. बोटांवर, मोठ्याने, मला समजावे म्हणून सावकाश. एकरी दोन क्विंटल जरी कमी आले तर चौदा हजार रुपये गेले. उरलेल्या सहा क्विंटलांवर चारशेने चोवीसशे मिळाले. बियाण्याचे आणि फवारणीचे पैसे वाचले ते धरा, तरी तोंडमिळवणी होत नाही. आणि हे सगळे तेव्हा, जेव्हा कोणी त्यांचा कापूस लांब धाग्याचा म्हणून वेगळा घेईल.

"एक एकर लावून पाहीन मी," ते म्हणाले, "पण मंग तो कापूस इथं आणला, तर टाकतीन कुठं?" आणि त्यांनी हाताने जिनिंगच्या आवारातला ढीग दाखवला. दोन मजली घराएवढा तो ढीग होता, त्यावर ट्रॉल्यांमागून ट्रॉल्या रिकाम्या होत होत्या, मजूर पायांनी तुडवत कापूस वर सारत होते, आणि कुठल्या गावाचा माल कुठे संपतो हे तो आणणाऱ्यालाही सांगता आले नसते. तेवढ्यात काट्यावरून त्यांच्या गाडीचा नंबर पुकारला गेला. वजन त्यांच्या अंदाजापेक्षा बावीस किलोने कमी भरले, त्यावर थोडी हुज्जत झाली, आणि काटा एकदा परत करून घेतल्यावर आकडा तोच आला तेव्हा त्यांनी पावती दुमडून सदऱ्याच्या खिशात घातली आणि चुकाऱ्याची खिडकी बंद व्हायच्या आत गाठायला म्हणून ते लगबगीने निघून गेले.